पाव फेऱ्याची करामत

मुर्तिजापूरहून यवतमाळला येणाऱ्या शकुंतला रेल्वेत जे कधीकाळी बसले होते, त्यांना संथपणा शिकवायला नको. ११३ किलोमीटर, आणि हाताशी चार तास तरी हवे असायचे. पण मुर्तिजापूरच्या पुढे, अकोल्यात, तिलाही मागे टाकेल असा एक संथ प्रवास चालतो. वेग, दिवसाला एक मिलिमीटर. प्रवासी, माणसाच्या पायाचं हाड.

हा प्रवास घडतो वाकडे पाय सरळ करायला. फेंगडे पाय यवतमाळ जिल्ह्याला नवे नाहीत. पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ताटात कॅल्शियमही कमी असेल तर वाढत्या मुलांची हाडं वाकतात. अर्थात प्रत्येक वाकडा पाय पाण्यामुळे नसतो. मुडदूस असतो, वाकडं जुळलेलं जुनं फ्रॅक्चर असतं.

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली तर ती साधारण गुडघ्याच्या मधून जायला हवी. फेंगड्या पायात ती आतल्या बाजूला सरकते. मग अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर जसा एकाच कडेने झिजतो, तशी गुडघ्याची आतली गादी झिजते. म्हणून तिशी-चाळिशीतला माणूसही हाड कापून घ्यायला तयार होतो.

हाड कापतात, पण त्यावरचं पातळ आवरण जपून. नवं हाड घडवणाऱ्या पेशी तिथे असतात. पायाभोवती धातूच्या रिंगा बसतात. त्यांच्यातून दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक तारा हाडाच्या आरपार जातात आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणल्या जातात. ताण शंभर किलोच्या पुढे! त्या ताणामुळेच एवढ्याशा तारा अख्ख्या माणसाचं वजन पेलतात. हाड कापलेल्या माणसाला डॉक्टर चालायला लावतात, कारण वजन पडलं की हाड चांगलं घडतं.

पाच-सात दिवस काहीच करायचं नाही. नंतर हातात पाना. रिंगांना जोडणाऱ्या रॉडचे आटे असे पाडलेले असतात की नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा, तोही घरी, बहुधा बायकोच्या किंवा भावाच्या हातून. घाई केली तर फट रिकामी राहते, नसा कुरकुरतात. रेंगाळलात तर हाड मुदतीआधीच जुळून बसतं. नेमका वेग साधला की फटीत तंतू उभे राहतात, सगळे ओढीच्या दिशेने, आणि दोन्ही टोकांकडून हाडाचे बारीक खांब एकमेकांकडे वाढत येतात. वाक काढायचा असेल तर एका बाजूला बिजागरी ठेवून फक्त दुसरी बाजू उघडतात. पाय दारासारखा हळूहळू सरळ होतो.

हे शोधलं सायबेरियातल्या कुर्गानच्या गाव्रील इलिझारोव्ह यांनी, १९५०च्या दशकात. एका रोग्याने नट उलटे फिरवले, हाड दाबलं जायच्या ऐवजी ताणलं गेलं आणि फटीत नवं हाड दिसलं, अशी कथा सांगतात. १९६४च्या ऑलिंपिकचा उंच उडीतला विजेता व्हालेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातानंतर त्यांच्याकडे गेला आणि पुन्हा दोन मीटरच्या वर उडाला. आपल्या वऱ्हाडात या तंत्राचं नाव अकोल्याच्या डॉ. मिलिंद चौधरींशी जोडलेलं आहे.

किंमत मात्र मोठी. पाय चार सेंटिमीटर लांब करायचा तर चाळीस दिवस ताण, मग हाड टणक होण्याची वाट. मोठ्या माणसाच्या पायावर रिंग सहा-सात महिने सहज राहते. तारांच्या भोकांतून पू येऊ शकतो. स्नायू हाडाइतके समजूतदार नाहीत, ते टाच वर खेचतात, म्हणून व्यायाम रोज, रडत का होईना. नुसत्या उंचीच्या हौसेसाठी हे करावं असं मला वाटत नाही.

आणि घरात लहान मूल असेल तर एवढं लक्षात ठेवा. दोन वर्षांपर्यंत थोडे फेंगडे पाय बहुतेक सगळ्यांचेच असतात. तिसरं सरलं तरी वाक तसाच असेल, तर एक्स-रे काढून घ्या आणि विहिरी-बोअरचं पाणी तपासायला द्या. वाढत्या हाडाला पुष्कळदा एक छोटी पट्टी आणि दोन स्क्रू पुरतात. हाड कापावं लागत नाही.