आरोग्यविम्याच्या कार्डांचे त्रांगडे

मुंबई-पुण्यातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात सकाळी अकराच्या सुमारास जावे आणि 'टीपीए डेस्क' अशी पाटी असलेल्या खिडकीसमोर दहा मिनिटे उभे राहावे. डॉक्टरांनी सकाळच्या फेरीत ज्यांच्या रुग्णाला घरी जाण्याची परवानगी दिली, असे नातेवाईक तेथे ताटकळत असतात. खिडकीमागचा कर्मचारी एकेकाचे कार्ड उलटसुलट करून पाहतो, त्याची झेरॉक्स काढतो आणि त्यावरील क्रमांक संगणकावर टंकित करतो. प्रत्येक कार्डाची तऱ्हा निराळी. एकावर पॉलिसीचा क्रमांक ठळक, दुसऱ्यावर टीपीएने दिलेला सदस्य क्रमांक, तिसऱ्यावर नोकरीतला कर्मचारी क्रमांकसुद्धा. यांतील नेमका कोणता हवा, हे अनुभवानेच कळते. एखादा आकडा चुकला, की अर्ज शंका उपस्थित होऊन परत येतो. इकडे रुग्णाची खाट अडलेली असते आणि तिची वाट पाहणारा दुसरा रुग्ण खाली बसलेला असतो.

टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातील मध्यस्थ. विमा नियामक प्राधिकरणाने २००१ मध्ये त्यांच्यासाठी नियम केले आणि 'कॅशलेस' हा शब्द मध्यमवर्गीयांच्या तोंडी रुळला. दाव्यांची छाननी करणारी ही मंडळी कार्डही आपापल्या पद्धतीने काढू लागली. नोकरदारांच्या गटविम्यात तर नूतनीकरणाच्या वेळी मालकाने टीपीए बदलला, की कर्मचाऱ्याचा क्रमांकही बदलतो. माणूस तोच, रुग्णालयही तेच. ओळख मात्र नवी!

बँकांचे पाहा. एटीएम कार्डाची लांबी-रुंदी, चुंबकीय पट्टीची जागा आणि क्रमांकाची रचना आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरलेली आहे. म्हणूनच एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालते. बँका अनेकच राहिल्या; एकमेकींशी बोलण्याची भाषा तेवढी त्यांनी एक केली.

विम्यात असे करणे अशक्य होते, असेही नाही. आपल्याच देशात ते झाले होते आणि तेही गरिबांसाठी. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ३० रुपये नोंदणीशुल्कात ३० हजार रुपयांपर्यंतचे वार्षिक विमाछत्र मिळत असे. विमा कंपन्या राज्याराज्यांत, जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळ्या होत्या. पण स्मार्ट कार्डाचा नमुना देशभर एकच. कुटुंबातील पाच जणांच्या बोटांचे ठसे त्यात साठवलेले असल्याने परराज्यात कामाला गेलेल्या मजुरालाही तेथील संलग्न रुग्णालयात ते वापरता येई. अडचणी होत्याच, कष्टाच्या कामाने झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नसत. २०१८ मध्ये ही योजना 'आयुष्मान भारत'मध्ये विलीन झाली. पण त्या दहा वर्षांत हजारो रुपयांचा हप्ता भरणाऱ्या शहरी विमाधारकाच्या पाकिटात मात्र ज्याच्या-त्याच्या नमुन्याचे प्लास्टिक होते, ही गंमत नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

परदेशातही दोन टोके दिसतात. तैवानमध्ये १९९५ पासून सर्वांसाठी एकच सरकारी विमा आहे. आरंभी तेथे कागदी कार्ड होते. सहा भेटींच्या चौकटी भरल्या, की ते बदलून घ्यावे लागे. २००४ पासून त्याची जागा चिपच्या कार्डाने घेतली. दवाखान्यात कार्ड यंत्रात घातले, की विमा चालू आहे की नाही ते कळते आणि भेटीची नोंद विमा यंत्रणेकडे जाते. अमेरिकेत याउलट शेकडो कंपन्या. तेथील वैद्यकीय व्यवस्थापकांच्या 'मेडिकल ग्रुप मॅनेजमेंट असोसिएशन' या संघटनेने २००९ मध्ये यंत्राने वाचता येईल अशा समान कार्डासाठी मोहीम उघडली आणि त्यातून वर्षाला एक अब्ज डॉलर वाचतील, असा अंदाज मांडला. मोहीम ऐच्छिक होती. कार्डे आजही निरनिराळीच आहेत. पुढे कायद्याने २०२२ पासून एवढे झाले, की रुग्णाने स्वतः किती खर्च सोसायचा, त्याच्या मर्यादा कार्डावर छापणे बंधनकारक ठरले.

आपल्याकडे नियामकाने २०१३ मध्ये पूर्वपरवानगीचा आणि दाव्याचा अर्ज सर्व कंपन्यांसाठी एकसारखा केला. हे पाऊल कार्डापेक्षा महत्त्वाचे होते, कारण खरा वेळ अर्जात जातो. तरीही तो भरायचा कोठे, तर ज्याच्या-त्याच्या संकेतस्थळावर. त्यावर उतारा म्हणून 'राष्ट्रीय आरोग्य दावा विनिमय' ही सामाईक यंत्रणा उभारण्यात आली आहे. रुग्णालयाने एकाच साच्यात माहिती पाठवावी आणि ती संबंधित कंपनीकडे पोहोचावी, अशी तिची कल्पना. जोडीला 'आभा' हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक आहे. तो टीपीए बदलला तरी बदलत नाही. मात्र त्याच क्रमांकाला रुग्णाचे वैद्यकीय अहवालही जोडता येतात. म्हणून दाव्यापुरती ओळख पटवणे वेगळे आणि जुन्या आजारांची वही विमा कंपनीपुढे उघडणे वेगळे, हा भेद सहीसाठी कागद पुढे आला की विमाधारकाने विसरू नये.

मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडताना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. त्याहून उशीर झाल्यास रुग्णालयाने आकारलेली जादा रक्कम कंपनीने सोसायची आहे. पण हे तीन तास मोजले जातात ते रुग्णालयाची विनंती कंपनीला मिळाल्यापासून. त्याआधी बिल तयार होण्यात, कागद जुळवण्यात आणि कार्डावरचा योग्य क्रमांक शोधण्यात जी दुपार सरते, तिचा हिशेब या परिपत्रकातील तीन तासांत येत नाही.