बेल्टचा रंग आणि लेकराची तयारी : कराटेच्या परीक्षेकडे कसं पाहावं?



दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. बीड जिल्ह्यात हे दिवस मुकादमाची उचल हातात पडण्याचे आणि कोयता घेऊन कारखान्याकडे निघण्याच्या तयारीचे असतात. सातवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. पदराची गाठ सोडून तिने घडी केलेल्या नोटा काढल्या आणि विचारलं, "सर, पोरीची कराटेची बेल्ट परीक्षा हाय म्हणं. हे पैसे तिला भरू, का वह्या-दप्तराला ठेवू?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मुलगी तालुक्याच्या गावी एका खाजगी क्लासला जात होती, एवढंच मला माहीत होतं. बेल्ट बांधलेल्या मुलांचे फोटो ग्रुपवर यायचे आणि आपण सगळे 'अभिनंदन' लिहून मोकळे व्हायचो. त्या बेल्टचा अर्थ काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मग वाचलं, जाणकारांना विचारलं, क्लासमध्ये जाऊन बसलो. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतो.

बेल्ट आला कुठून?

कराटे ओकिनावा बेटांवरची कला. ती शाळेच्या पटांगणात आणली ती तिथल्या इतोसु आंको या गुरूंनी. शाळकरी मुलांना झेपतील अशा पाच 'पिनान' काता त्यांनी बसवल्या. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. त्यांच्या परंपरेतले फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये टोकियोला आले आणि तिथे त्यांनी कराटे दाखवलं. हे फुनाकोशी पेशाने प्राथमिक शिक्षक होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! पिनानला 'हेइआन' हे नाव त्यांनीच दिलं.

पण दर्जा देण्याची पद्धत मूळची कराटेची नाही. ती ज्यूदोकडून आली. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो हेही शिक्षकच. त्यांनी १८८२ मध्ये आपली शाळा काढली आणि १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिला 'दान' दिला. फुनाकोशींनी ही पद्धत उचलली आणि १९२४ मध्ये कराटेतले पहिले दान दिले. पिवळा, केशरी, हिरवा असे रंग त्यानंतर जगभर रुळले. वर्षानुवर्षं मळून पांढरा पट्टा काळा होतो, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती दंतकथा आहे.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. काळ्या पट्ट्याच्या आधीच्या पायऱ्यांना 'क्यू' म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात. बऱ्याच ठिकाणी १० पासून सुरुवात करून १ पर्यंत उतरायचं असतं. त्यानंतर 'दान' चढत जातात. पहिल्या दानाचं नाव 'शोदान'. त्याचा अर्थ सुरुवातीची पायरी! आपण ज्याला शेवट समजून हार घालतो, त्याला ते लोक सुरुवात म्हणतात.

परीक्षेत नेमकं काय बघतात?

तीन भाग असतात. किहोन म्हणजे मूळ ठोसे, लाथा, अडवणूक आणि उभं राहण्याच्या पद्धती. दुसरा भाग काता. तिसरा कुमिते, म्हणजे जोडीदाराबरोबरचा सामना.

आपल्याला कराटे येत नसलं तरी काही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. पुढे पाऊल टाकून मारायचा साधा ठोसा घ्या:

- पुढचा गुडघा नीट वाकलेला आहे का? मागचा पाय ताठ आहे का, आणि त्याची टाच जमिनीला टेकलेली आहे का?
- एक मूठ पुढे जाताना दुसरी मागे कमरेशी येते का?
- मूठ शेवटच्या क्षणी वळते का, की सुरुवातीपासूनच वळलेली असते?
- पुढे सरकताना डोकं वर-खाली होतं का? होत असेल तर गुडघे मध्येच सरळ होत आहेत.
- नजर समोर आहे, की शेजारच्याचं बघून चाललंय?

शेवटचा मुद्दा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. शेजाऱ्याच्या पाटीत बघून लिहिणारं लेकरू आपण लांबूनही ओळखतो. 'हेइआन शोदान' या कातामध्ये २१ हालचाली आहेत. सगळ्यांबरोबर ती सगळ्यांनाच येते. एकट्याला मध्ये उभं करून करायला लावली की खरं कळतं.

ठरवून केलेल्या सामन्यात हल्ला करणारा आधी सांगतो, कुठे मारणार ते. मग पूर्ण ताकदीने ठोसा टाकतो आणि अंगाला लागण्याआधी थांबवतो. हे थांबवता येणं ही कराटेतली मोठी कसोटी आहे. जोरात मारणं कुणालाही जमतं. जोरात निघालेली मूठ वेळेवर थांबवायला महिनोन्‌महिने सराव लागतो.

आदर म्हणजे नुसतं वाकणं नाही

कराटेत सुरुवात नमस्काराने होते, शेवटही नमस्काराने. जपानी भाषेत त्याला 'रेई' म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. तालमीत पैलवान हौद्यातली लाल माती कपाळाला लावूनच उतरतो, आणि सलामीशिवाय कुस्ती लागत नाही.

पण एक बारकावा पाहा. कराटेत विद्यार्थी वाकतो तेव्हा गुरूही वाकतो. जोडीदारही एकमेकांना वाकतात. जोडीदाराने आपलं शरीर तुमच्या सरावासाठी विश्वासाने पुढे केलेलं असतं. त्याला इजा न होऊ देणं हाच खरा नमस्कार. म्हणून आदर आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला मूठ थांबवता येत नाही, त्याचा नमस्कार कितीही खाली वाकून केलेला असला तरी अपुराच.

यात आपण एक गफलत करतो. 'सर फार कडक आहेत, मुलं चळचळा कापतात' हे पालक कौतुकाने सांगतात. पण भीती म्हणजे आदर नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहे. शाळेत जे चालत नाही ते क्लासमध्ये 'शिस्त' म्हणून का चालवून घ्यायचं? चूक झाली म्हणून काठी मारणं, सगळ्यांसमोर अपमान करणं, दुखतंय म्हणणाऱ्याला हसणं, हे परंपरेच्या नावाखाली खपवू नका.

बेल्टची किंमत कोण ठरवतं?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूपेक्षा फक्त ०.०५ सेकंदाने मागे. हा आकडा बीडमध्ये तोच आणि बर्मिंगहॅममध्येही तोच. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेचं कांस्य घेऊन आला. कुस्तीत बेल्ट नसतो. समोरचा पैलवानच तुमची पायरी ठरवतो.

बेल्टचं तसं नाही. जगात कराटेच्या अनेक शैली आणि असंख्य संघटना आहेत. प्रत्येकीचा अभ्यासक्रम वेगळा, रंगांचा क्रमही वेगळा. सगळ्यांना लागू पडणारी एकच परीक्षा नाही. बेल्ट म्हणजे एका गुरूने दिलेला शब्द. गुरू जेवढा खरा, तेवढा तो शब्द खरा. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर खेळाडू एक लाल आणि एक निळा पट्टा बांधून उतरतात. दर्जाचा रंग तिथे दिसतही नाही.

पालकांचे दोन गैरसमज इथेच दूर करतो. पहिला गैरसमज गुणांचा. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण हे ठरावीक स्पर्धांतल्या सहभागावर किंवा यशावर मिळतं, खाजगी बेल्टच्या प्रमाणपत्रावर नाही. कुणी तसं सांगून फी मागत असेल तर आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. दुसरा गैरसमज समग्र शिक्षा योजनेतल्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणाबद्दल. हे प्रशिक्षण तीन महिन्यांचं असतं. त्यातून मुलीला आवाज, धीर आणि काही सोपे डाव मिळावेत ही अपेक्षा रास्त आहे. तीन महिन्यांत रंगीत बेल्ट का नाही, असं विचारू नका. नियमित सराव केला तरी काळ्या पट्ट्याला काही वर्षं लागतात.

क्लासला विचारायचे प्रश्न

१. या बेल्टला काय काय यावं लागतं, ते लिहून द्याल का?
२. परीक्षा पालकांना बघता येईल का? रोजचा सराव बघता येईल का?
३. मागच्या परीक्षेत कुणाला थांबवलं का? थांबवलेल्या मुलाला काय सांगितलं?
४. पुन्हा परीक्षा दिली तर पुन्हा पूर्ण फी लागते का?
५. तुम्ही स्वतः कुणाकडे शिकलात? अजून शिकता का?
६. हंगामामुळे चार-पाच महिने बाहेर राहणाऱ्या मुलाला परत कसं घेता?

तिसरा प्रश्न मी त्या क्लासमध्ये विचारला. उत्तर आलं, "सर, फी घेतल्यावर नापास कसं करणार?" माणूस वाईट नव्हता. मुलांना जीव लावायचा, हॉलचं भाडं त्याच फीतून भागवायचा. पण उत्तर ऐकून मला राग येण्याआधी लाज वाटली. न येणाऱ्या मुलाला 'येतं' असा शेरा देऊन पुढच्या वर्गात ढकलणं आपल्याला काय अनोळखी आहे? तिथे बेल्ट, इथे प्रगतिपत्रक. खोट्या शेऱ्याने लेकरू थोडा वेळ खूश होतं आणि त्याची उणीव तशीच राहते.

मी त्या माउलीला सांगितलं, "यंदा वह्या घ्या. पोरीचं शिकणं थांबवू नका." मुलीचं तोंड उतरलं. मैत्रिणींना पिवळा बेल्ट मिळाला आणि ती पांढऱ्यावरच उसाच्या फडाकडे गेली. माझं बरोबर होतं का, हे हंगामभर मनात राहिलं.

जूनमध्ये ती परत आली. मधल्या सुट्टीत म्हणाली, "सर, बघा." कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती रोज संध्याकाळी काता करायची म्हणे. अर्ध्यात वळणं चुकली. थांबली, जीभ चावली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पण पुढचा गुडघा वाकलेला होता, मागची टाच जमिनीला टेकलेली होती आणि नजर समोर होती. संपल्यावर ती वाकली. मीही वाकलो.

तिचा बेल्ट अजून पांढराच आहे. पुढच्या परीक्षेला मी बघायला जाणार आहे. तिची तयारी झालेली असेल तर फीचं आपण शिक्षक मिळून बघू. आणि नसेल झाली तर क्लासच्या सरांनी तिला प्रेमाने 'अजून नाही' म्हणावं, एवढंच माझं त्यांच्याकडे मागणं आहे.

तुमच्या गावातल्या क्लासमध्ये काय अनुभव आहे? सहा प्रश्नांपैकी निदान दोन तरी या आठवड्यात विचारून पाहा.