इबानांच्या दारी नदीच्या वाटेने

बोर्निओ बेटाच्या वायव्येस असलेल्या सारावाक या मलेशियाच्या राज्यात आतल्या भागापर्यंत रस्ते पोहोचण्यापूर्वी वस्ती, व्यापार आणि लढाया या साऱ्यांची वाट नदी हीच होती. त्यामुळे तेथील संख्येने सर्वांत मोठ्या अशा इबान समाजाची ओळख समुद्राकडून, नदीच्या मुखातून आत शिरून करून घेणे हीच त्याच्या इतिहासाला साजेशी रीत ठरते. राजांग वा बातांग लुपार या नद्यांत शिडाची नौका घालणारे दर्यावर्दी आजही तीच वाट धरतात.

ही वाट सोपी मात्र नाही. मुखाशी साचलेल्या गाळाच्या उथळ पट्ट्यावरून भरतीच्या पाण्यातच आत शिरावे लागते. पुढे दाट झाडीत वारा पडतो, शिडे गुंडाळून इंजिनावर जावे लागते, आणि वरून वाहत येणारे अर्धे बुडालेले ओंडके नांगराच्या साखळीत अडकतात. बातांग लुपारमध्ये तर उधाणाची भरती चिंचोळ्या होत जाणाऱ्या पात्रात कोंडली जाऊन फेसाळत्या लाटेच्या रूपाने उलट्या दिशेने धावते. या लाटेला तेथे ‘बेनाक’ म्हणतात, आणि इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम 1921 साली तिच्यात बुडता बुडता वाचला होता. गाळाचे उंचवटे जागा बदलत असल्याने नकाशाचा भरवसा धरता येत नाही. खोल पाणी कोठे आहे हे काठावरच्या माणसालाच विचारावे लागते, आणि परक्याची मैत्री बहुधा या गरजेतूनच सुरू होते.

इबानांचे ‘रुमाह पांजाइ’ म्हणजे लांबघर हे एका छताखाली ओळीने बांधलेले अख्खे गाव असते आणि त्याचा आकार दारांवरून सांगितला जातो. वीस दारांचे घर म्हणजे वीस कुटुंबांचे घर, कारण प्रत्येक दारामागे एका कुटुंबाचे ‘बिलिक’, म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड, असते. दारांसमोरून घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी छपराखालची सलग ओसरी म्हणजे ‘रुआई’. तिच्यावर चटया विणल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, तंटे मिटतात आणि पाहुणे बसतात. त्यापलीकडच्या ‘तान्जू’ या उघड्या माचीवर भात वाळत असते, नाहीतर हिरवी मिरी पसरलेली असते आणि उन्हात ती काळी पडत जाते. बिऱ्हाड ज्याचे त्याचे आणि ओसरी सर्वांची, ही या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट होय. खाजगीपण आणि सहजीवन यांचा इतका उघड मेळ क्वचितच पाहायला मिळतो.

पाहुण्याने धक्क्यावर नौका बांधून प्रथम ‘तुआइ रुमाह’ या घरप्रमुखाची भेट घ्यावी, घरात सुतक वा अन्य निषेध पाळला जात असल्यास आत पाऊल टाकू नये, पादत्राणे काढून चटईवर बसावे आणि पुढे आलेल्या ‘तुआक’ या तांदळाच्या मद्याला, प्यायचे नसले तरी, बोटे लावून मान द्यावा. भेटवस्तू सर्व दारांत सारखी वाटता येईल अशी असावी, कारण एकाच बिलिकला दिलेली मौल्यवान वस्तू ओसरीवरचा समतोल बिघडवते.

दुरून आलेल्या प्रवाशाविषयी इबानांना जे अगत्य वाटते त्यामागे ‘बेजालाइ’ची प्रथा असावी. तरुणाने घर सोडून दूरदेशी जावे, कमाई आणि कीर्ती मिळवून परतावे, असा हा जुना संकेत असल्याने वृद्धांच्या गप्पांत परक्या बंदरांचे विषय सहज निघतात आणि नौकेवरच्या पाहुण्याला प्रश्नांमागून प्रश्न येतात. आज तरुण मंडळी शहरांत नोकरीला असतात, रस्ता आल्याने अनेक लांबघरे विटा-सिमेंटची झाली आहेत आणि एरवी बरीच दारे बंद दिसतात. ती उघडतात 1 जूनच्या ‘गावाइ दायाक’ला. सुगीनंतरचा हा सण 1965 पासून सारावाकमध्ये अधिकृतपणे साजरा होतो आणि त्यासाठी दूर गेलेली माणसे घरी परततात. तेव्हा गजबजलेली रुआई पाहण्याची इच्छा असणाऱ्या दर्यावर्द्याने मे महिन्याच्या अखेरीसच नदीचे मुख ओलांडलेले बरे.