ध्वनिमुद्रणातील ‘घूंऽऽ’ आणि तिसरी पिन

आमच्या महाविद्यालयात एका छोट्या खोलीत अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित केले जाते. सामग्री मोजकीच आहे : एक माइक, एक लहान मिक्सर आणि एक संगणक. पहिले चार धडे तयार झाले, ते मुलांना ऐकायला दिले. दुसऱ्याच दिवशी त्यांतील एका मुलाने विचारले, “सर, धडा वाचताना मागे कोणी तंबोरा लावून बसले होते का?”

आम्ही डोळसांनी ज्याकडे दुर्लक्ष केले होते, ते त्याच्या तयार कानांनी नेमके टिपले होते. वाचनाच्या मागे ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज होता. ध्वनिमुद्रण करणारे लोक त्याला ‘हमिंग’ म्हणतात. चार तास कानाशी हेडफोन लावून इतिहास ऐकणाऱ्या मुलाला हा आवाज किती छळत असेल, याची कल्पना करा. तो घालवणे भाग होते.

तेवढ्यात आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याने कोठून तरी ऐकलेला उपाय सुचवला, “सर, संगणकाच्या प्लगची ती जाड तिसरी पिन काढून टाकू या. आवाज लगेच बंद होतो.” गंमत म्हणजे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आवाज बहुधा बंद झालाच असता. पण तो उपाय जीवघेणा आहे. तो का लागू पडतो आणि तरीही का करायचा नाही, हे कळले म्हणजे हमिंगचे सारे गुपित उलगडते.

आवाजाची जात ओळखा

नको असलेला प्रत्येक आवाज आपल्या उगमाची खूण बरोबर घेऊन येतो. आपल्या घरातील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलणारी असते आणि तिची कंप्रता, म्हणजेच वारंवारता, ५० हर्ट्झ असते. त्यामुळे विजेच्या तारांतून शिरलेला आवाज ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीतला, १०० वा १५० हर्ट्झचा असतो. अमेरिकेत विजेची कंप्रता ६० हर्ट्झ आहे. ६० भागिले ५० म्हणजे ६/५. संगीत शिकणाऱ्यांना हे गुणोत्तर ओळखीचे वाटेल. आपल्या हमिंगला षड्ज मानले, तर अमेरिकेतले हमिंग कोमल गंधारावर लागते!

‘सूंऽऽ’ असा वाळू सांडल्यासारखा आवाज वेगळ्या जातीचा. तो तारेतील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य धावपळीतून येतो. जॉन्सन आणि नायक्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९२८ साली तो मोजून व समजावून दिला. १५० ओहम रोधाच्या माइकमध्ये नेहमीच्या तापमानाला हा गोंगाट सुमारे ०.२ मायक्रोव्होल्ट असतो. तो पूर्णपणे कधीच जात नाही. मात्र माइक तोंडाच्या जवळ आणला, की बोलण्याचा संदेश मोठा होतो आणि गोंगाट त्याच्या मागे दडतो.

मधूनच ‘टक्-टक्, कर्र’ असा तुटक आवाज आला, तर दोष बहुधा विजेचा नसून वेळेचा असतो. संगणक दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे घेतो व ती ठरावीक गठ्ठ्यांनी पुढे पाठवतो. गठ्ठा १२८ मापांचा असेल, तर प्रत्येक गठ्ठ्यासाठी त्याला ३ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात काम उरकले नाही, की आवाज तुटतो. गठ्ठा १,०२४ मापांचा केला, की २३ मिलिसेकंद मिळतात आणि तक्रार मिटते.

आणि संगणकाच्या पंख्याची घरघर? ती तर खरीखुरी, हवेतून माइकपर्यंत चालत येणारी. तिच्यावर इलाज म्हणजे संगणक दूर ठेवणे व त्याच्याखाली जाड कापडाची घडी घालणे.

एका वेळी एकच बदल

आता आमचा तपास पाहा. नियम एकच होता : एका वेळी एकच बदल करायचा आणि निष्कर्ष वहीत लिहायचा. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा ते कळत नाही.

पहिली चाचणी : मिक्सरवरील माइकचे बटण शून्यावर आणले. घूंऽऽ तसाच राहिला. म्हणजे तो हवेतून येत नव्हता आणि माइकच्या तारेतूनही नाही. पंखा निर्दोष सुटला.

दुसरी चाचणी : हेडफोन थेट मिक्सरला लावून ऐकले. आवाज स्वच्छ! म्हणजे मिक्सरही निर्दोष.

तिसरी चाचणी : संगणकावरील आवाज कमी करून मिक्सरकडून संगणकाकडे जाणारी तार मिक्सरच्या बाजूने काढली आणि मग आवाज पूर्ववत केला. घूंऽऽ नाहीसा झाला. एकटा मिक्सर शांत, एकटा संगणक शांत. दोघे जोडले की मात्र गलका. मग दोष दोघांच्या जोडणीत असला पाहिजे, नाही का?

खोलीकडे नीट पाहिल्यावर उत्तर सापडले. संगणकाचा प्लग एका भिंतीवर होता, मिक्सरचा समोरच्या भिंतीवर. दोन्ही प्लग तीन पिनांचे. दोघांच्या तिसऱ्या पिना भिंतींतील अर्थिंगच्या तारेने एकमेकींना जोडलेल्या. आणि दोघांमधील ध्वनितारेचे बाहेरचे जाळीदार वेष्टनही दोघांना जोडत होते. म्हणजे मिक्सर, वेष्टन, संगणक, अर्थिंगची तार आणि पुन्हा मिक्सर असे एक मोठे बंद वेटोळे आमच्या नकळत तयार झाले होते!

फॅरेडेचा नियम खोलीत अवतरतो

बंद वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, की त्यात विद्युत्दाब निर्माण होतो. १८३१ साली फॅरेडेने शोधलेला हा नियम तुम्ही पाठ केलेलाच आहे. भिंतींतील विजेच्या तारा आणि उपकरणांतील रोहित्रे यांच्याभोवती ५० हर्ट्झने बदलणारे क्षीण चुंबकीय क्षेत्र असतेच.

गणित करून पाहू. समजा, वेटोळ्याचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आहे आणि चुंबकीय क्षेत्र जास्तीत जास्त १ मायक्रोटेस्ला आहे. मग निर्माण होणारा महत्तम दाब = २ × ३.१४ × ५० × ०.०००००१ × १, म्हणजे सुमारे ०.३ मिलिव्होल्ट. मिक्सरकडून येणारा बोलण्याचा संदेश ३०० मिलिव्होल्ट धरला, तर हा त्याचा हजारावा हिस्सा झाला. वाचक श्वास घ्यायला थांबला, की हेडफोनवर एवढाही जाणवू शकतो. शिवाय संगणकाच्या वीजपुरवठ्यातील गाळण्यांमधून थोडासा प्रवाह सतत अर्थिंगमध्ये उतरत असतो. त्यामुळे दोन भिंतींवरील अर्थिंगचे विभव तंतोतंत सारखे राहत नाही, आणि तो फरकही वेष्टनावाटे ध्वनीत मिसळतो.

आता कळले ना, तिसरी पिन काढल्यावर आवाज का थांबतो? वेटोळे तुटते, म्हणून.

पण ती पिन तिथे कशासाठी आहे?

प्लग हातात घेऊन पाहा. तिसरी पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग बसवताना तिचा संपर्क सर्वांत आधी व्हावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. उपकरणातील तारेचे आवरण झिजून ती धातूच्या पेटीला टेकली, तर वीज या पिनेवाटे जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो किंवा स्विच आपोआप पडतो. पिन नसेल, तर पेटी २३० व्होल्टवर मुकाट बसून राहते. तिला हात लावणाऱ्याच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर प्रवाह त्याच्यातून जाईल. घरांत बसवलेले संरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतात, यावरून २३० चा अर्थ तुमच्या ध्यानात येईल. आणि आमच्या खोलीत वाचकाचे ओठ धातूच्या माइकपासून चार बोटांवर असतात! म्हणून तिसरी पिन कधीही काढायची नाही, कापायची नाही, तिच्यावर चिकटपट्टीही लावायची नाही.

मग योग्य उपाय कोणते?

पहिला उपाय फुकटचा. मिक्सर आणि संगणक या दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले. ध्वनितार व विजेच्या तारा एकमेकींपासून थोड्या दूर ठेवल्या आणि ओलांडणे भागच होते तेथे काटकोनात ओलांडल्या. वेटोळे लहान झाले, अर्थिंगमधील फरकही घटला. घूंऽऽ बराच खाली आला, पण शांततेत कान दिला की अजून जाणवत होता.

दुसरा उपाय समतोल तारेचा. तिच्यात वेष्टनाखेरीज दोन तारा असतात. एकीतून संदेश ‘स’ जातो, दुसरीतून त्याचाच उलटा, ‘−स’. वाटेत गोंगाट ‘ग’ शिरला, तर तो दोघींत सारखाच शिरतो. पलीकडचे उपकरण दोघींची वजाबाकी करते :

(स + ग) − (−स + ग) = २स

संदेश दुप्पट झाला आणि गोंगाट गेला! बीजगणिताचा याहून गोड उपयोग मला तरी ठाऊक नाही. मात्र दोन्ही उपकरणांत तशी सोय हवी. आमच्या संगणकात ती नव्हती.

म्हणून आम्ही तिसरा उपाय केला. ध्वनितारेच्या मध्ये एक छोटे रोहित्र बसवले, ज्याच्या दोन्ही गुंडाळ्यांत वेढे सारखेच. संदेश चुंबकीय क्षेत्रावाटे पलीकडे जातो, पण धातूचा धागा तुटलेला राहतो. वेटोळे तुटले आणि अर्थिंगला धक्काही लागला नाही. वेटोळे तोडायचे ते ध्वनीच्या तारेत, सुरक्षिततेच्या तारेत नव्हे, हे सूत्र लक्षात ठेवा.

पाचवा धडा ऐकून तोच मुलगा म्हणाला, “सर, तंबोरेवाले गेले!”

तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात स्पीकर घूंऽऽ करू लागला, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हाच तपास करून पाहा. उपकरण उघडू नका. प्लगना कोरड्या हातांनी आणि बटण बंद करूनच स्पर्श करा. आणि एका वेळी एकच बदल करा. आवाज कोठून येतो हे शोधून काढलेत, की अर्धे काम झालेच म्हणून समजा.