स्मरणशक्तीचे खेळ आणि सार्वजनिक पैसा

साठी ओलांडलेल्या माणसाला ओळखीचे नाव पटकन आठवेनासे झाले, चष्मा कुठे ठेवला हे ध्यानात राहीनासे झाले, की घरात स्मृतिभ्रंशाची शंका डोके वर काढते. मग मुले-नातवंडे मोबाइलवर ‘मेंदू तल्लख ठेवणारे’ खेळ शोधू लागतात. ‘डॉक्टर, बाबांना हे ॲप घेऊन देऊ का?’ हा प्रश्न दवाखान्यात आता नेहमीचा झाला आहे.

या प्रश्नामागची भीती निराधार नाही. ‘लासी’ या वृद्धांच्या देशव्यापी पाहणीशी जोडलेल्या अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आलेल्या अंदाजानुसार, भारतातील साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. भीती मोठी असली की तिच्याभोवती बाजारही उभा राहतो. म्हणूनच, खेळ खरोखर उपयोगी आहे की नाही हे तपासायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने, याचा विचार ज्येष्ठांच्या घरांनी करायला हवा.

करदात्यांच्या पैशातून झालेली परीक्षा

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या दोन शाखांनी, म्हणजे वार्धक्य आणि परिचर्या या विषयांवरील संशोधन संस्थांनी, सरकारी निधीतून ‘ॲक्टिव्ह’ नावाचा प्रयोग हाती घेतला. १९९८ पासून सहा ठिकाणच्या ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींना त्यात घेण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले गेले. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काचा सराव, तर तिसऱ्याला संगणकाच्या पडद्यावरील वेगाचा सराव देण्यात आला. चौथ्या गटाला काहीच दिले नाही. प्रशिक्षण पाच-सहा आठवड्यांत दहा बैठकांचे होते. काहींना पुढे उजळणीच्या बैठकाही मिळाल्या.

वेगाच्या सरावात पडद्यावर क्षणभर एक वाहन दिसे आणि त्याच वेळी कडेला दुसरे चित्र चमकून जाई. वाहन कोणते होते आणि कडेचे चित्र कुठे होते, हे सांगायचे. जमू लागले की वेळ कमी होत जाई.

निष्कर्ष जाहिरातींसारखे झगमगीत नव्हते. प्रत्येक गट ज्याचा सराव करी, त्यातच प्रामुख्याने सुधारे. तर्काचा सराव केलेला माणूस तर्कात सुधारला, म्हणून त्याची स्मरणशक्ती वाढली असे झाले नाही. पहिल्या दोन वर्षांत दैनंदिन व्यवहारांत फरक आढळला नाही. दहा वर्षांनी मात्र तिन्ही प्रशिक्षित गटांनी घरातील कामे, औषधे, पैशांचे व्यवहार यांत आपल्याला कमी अडचण येते असे सांगितले. तर्क व वेग यांतील सुधारणा तोपर्यंत टिकून होती; स्मरणाच्या सरावाचा परिणाम मात्र ओसरला होता. २०१७ मधील विश्लेषणात वेगाचा सराव केलेल्यांमध्ये दहा वर्षांतील स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसला.

हा आकडा आशादायक आहे, पण तो जपून वापरावा. त्यात स्मृतिभ्रंश मुलाखती व चाचण्यांच्या गुणांवरून ठरवला होता. प्रत्येकाची सविस्तर वैद्यकीय तपासणी करून केलेले ते निदान नव्हते. शिवाय एका विशिष्ट सरावाचा गुण बाजारातल्या प्रत्येक खेळाला आपोआप लागू होत नाही. तरीही दहा वर्षे तीच माणसे पुन्हा पुन्हा तपासून, आले तसे उत्तर मांडण्याचा धीर येथे दिसला. विक्रीची घाई असलेल्या उद्योगाला असा धीर क्वचितच परवडतो.

त्याच देशात २०१६ मध्ये ‘लुमोसिटी’ या खेळांच्या कंपनीला ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. वयानुसार होणारा विसराळूपणा व स्मृतिभ्रंश आपल्या खेळांनी टळू किंवा लांबू शकतो, असे पुरेशा पुराव्याविना भासवल्याचा आक्षेप तिच्यावर होता.

आपल्याकडचा निधी

आपल्याकडेही या क्षेत्रात सरकारी पैसा येऊ लागला आहे. केंद्र सरकारच्या सुमारे ४०० कोटी रुपयांच्या तरतुदीतून मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी’ उभी राहत आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग आदी क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे दीर्घ पल्ल्याचे धोरण मंजूर केले. या योजनांचा मुख्य भर उद्योग, कौशल्य आणि रोजगार यांवर आहे. तरुणांना काम मिळावे हे योग्यच.

परंतु आरोग्याचा दावा करणाऱ्या खेळाला सार्वजनिक निधी द्यायचा असेल, तर काही अटी असाव्यात. खेळ मराठीत असावा. अक्षरे मोठी आणि सूचना सोप्या असाव्यात. त्याची चाचणी ज्येष्ठांवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून व्हावी. निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो जाहीर व्हावा. ज्येष्ठ नागरिक संघांनी लोकप्रतिनिधींकडे ही मागणी जरूर करावी.

तोवर घरी काय करावे?

खेळ विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. दाव्यामागे नेमक्या याच खेळाची चाचणी आहे का? ती कंपनीबाहेरच्या कोणी केली आहे का? आणि आजीला-आजोबांना त्यात रस वाटतो का? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो खेळ करमणूक समजावा. घरच्या मंडळींबरोबर मांडलेला पत्त्यांचा किंवा बुद्धिबळाचा डाव तीच करमणूक फुकटात देतो आणि सोबतही देतो.

पैसा व श्रम आधी भक्कम पुराव्याच्या गोष्टींवर खर्चावेत. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित, बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी जीवनशैली, नैराश्य, एकटेपणा यांबरोबरच श्रवणदोष आणि उपचार न केलेला दृष्टिदोषही त्यांत आहे. ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांना आधी श्रवणयंत्राची गरज आहे. मोतीबिंदू असेल, तर पडद्यावरच्या खेळाआधी शस्त्रक्रियेचा विचार व्हावा.

आणि विसराळूपणा वाढतच असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, हिशेबात गोंधळ, तोच प्रश्न वारंवार विचारणे अशी लक्षणे असतील, तर ॲपवर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा चालू असलेले एखादे औषध हेही त्याचे कारण असू शकते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. अचानक एक-दोन दिवसांत गोंधळ उडाला, तर त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.