एका बादलीला किती सरपण?

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या दुष्काळात आपण घागर न घागर मोजून वापरली. पण पाणी तापवायला किती आच लागते, ते मात्र आपण अजून अंदाजानंच धरतो. आज त्याचा हिशोब करू या.

काहीही तापवायचं असलं की तीन गोष्टी बघायच्या. वजन किती? किती अंशांनी तापवायचं? आणि वस्तू कोणती? कारण प्रत्येक वस्तूची आचेची भूक वेगळी. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. खाद्यतेलाला साधारण तिच्या निम्मी, म्हणजे ०.५. लोखंडाला तर जेमतेम ०.११. म्हणूनच रिकामा तवा लगेच तापतो आणि पातेलंभर पाणी वेळ खातं. मुलांच्या दहावीच्या विज्ञानात याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. या तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला, की लागणारी उष्णता मिळते.

आता अंघोळीची बादली घ्या. पाणी १५ लिटर, म्हणजे १५ किलो. थंडीत ते २० अंशांवरून ४५ वर न्यायचं, म्हणजे २५ अंश वाढवायचं. १५ गुणिले २५ गुणिले १, झाले ३७५ किलोकॅलरी.

एक किलो वाळल्या लाकडात साधारण ४,००० किलोकॅलरी असतात. पण उघड्या चुलीवर दहातला एखादाच भाग भांड्याला लागतो. बाकी आच वाऱ्यावर जाते. म्हणजे एका बादलीला जवळजवळ एक किलो सरपण! घरात चार बादल्या लागत असतील, तर रोजचं चार किलो. ते कोणाच्या डोक्यावरून येतं, हे मी सांगायला नको.

गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. शेगडीवर दहातले सहा भाग कामी आले, तर एका बादलीला ५७ ग्रॅम गॅस लागतो. रोज चार बादल्यांचा महिन्याला पावणेसात किलोच्या वर गेला. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरातला जवळजवळ अर्धा नुसता अंघोळीला! काळ्या रंगाच्या भांड्यात पाणी भरून, झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवलं, तर जेवढे अंश सूर्य चढवेल तेवढा गॅस वाचला.

हाच हिशोब गटाच्या धंद्याला लावा. चिवड्यासाठी ५ किलो तेल ३० वरून १८० अंशांवर न्यायचं, तर ५ गुणिले १५० गुणिले ०.५, म्हणजे ३७५ किलोकॅलरी. ४ किलोच्या लोखंडी कढईच्या आणखी ६६. एकूण ४४१, म्हणजे ६७ ग्रॅम गॅस, आणि अजून एकही घाणा तळलेला नाही! तेल निवू देऊन दिवसात तीनदा तापवलं, तर हा खर्च तीनदा. सगळे घाणे एका बैठकीत काढा.

आणि एक. पाण्याला उकळी फुटली की आच मोठी ठेवून ते आणखी तापत नाही. जादा आच वाफेत जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी लागतात. उकळी आली की आच बारीक करा, झाकण ठेवा.

पुढची ऑर्डर घेताना सिलिंडरचं वजन कामाआधी आणि कामानंतर करा. जो फरक येईल, तो गटाच्या वहीत लिहा आणि किलोच्या भावात धरा. इंधनाचा पैसा भावात धरला नाही, तर तो आपल्याच मजुरीतून जातो.