शहरातला निवारा : भाग ७
जुन्या खोलीला जामीन कोण?

रात्रनिवाऱ्यांचा हिशोब मागच्या आठवड्यात झाला. लाख लोकसंख्येमागे एक निवारा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले होते. पण निवाऱ्यात मिळते ती अंथरुणापुरती जागा. तिथून पुढे माणसाने जायचे कुठे? नवी घरे बांधा, हे उत्तर लगेच येते. २०११ ची जनगणना मात्र वेगळीकडे बोट दाखवते. देशाच्या शहरांत तेव्हा बेघर मोजले गेले ९ लाख ३८ हजार, आणि रिकामी घरे निघाली सुमारे १ कोटी ११ लाख. मोजणीतून सुटलेले बेघर तिपटीने धरले आणि रिकाम्यातली निम्मी घरे पडकी म्हणून सोडली, तरी फरक बुजत नाही. माझ्या मते अडचण घरांच्या तुटवड्याची कमी आणि जामिनाची जास्त आहे.

नागपूरच्या धरमपेठेत घरे महाग आहेत, हे खरेच. पण बंगल्यामागचे आउटहाउस, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला, भिंतीला ओल आलेली एक खोली, असल्या जुन्या जागांचे भाडे नव्या फ्लॅटइतके नसते. गोकुळपेठ बाजारात हमाली करणारा किंवा केटरिंगच्या कामावर जाणारा माणूस ते भाडे कदाचित देऊही शकेल. तो अडतो त्याच्या आधीच. डिपॉझिट किती देणार? आधारवर पत्ता कुठला? आधी कुठे राहत होता? ‘फुटपाथवर’ या उत्तरानंतर दार बंद होते. शहराच्या पूर्व टोकाला, तरोडीकडे, स्वस्त घर मिळालेच तर रोजचे काम पश्चिमेला राहते आणि जाण्यायेण्यातच मजुरी आटते.

फिनलंडमध्ये वाय-फाउंडेशन ही संस्था १९८५ पासून साध्या, वस्तीतल्या इमारतींमधले फ्लॅट विकत घेऊन बेघरांना भाड्याने देते. व्यसन सोडा, नोकरी धरा, मग घर, असा क्रम तिथे नाही. आधी किल्ली, मग बाकीचे. तो देश श्रीमंत आहे, आपल्याला हे परवडणार नाही, हा आक्षेप विकत घेण्यापुरता बरोबर आहे. आपल्याला विकत घ्यायची गरजच नाही. महापालिकेने किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेने जुन्या खोल्या स्वतःच्या नावाने भाड्याने घ्याव्यात आणि पुढे राहायला द्याव्यात. भाडे थकले तर मालकाने संस्थेला विचारावे, माणसाला नव्हे.

‘एकदा शिरलेला निघत नाही’ ही घरमालकांची भीती जुन्या भाडेकरू कायद्यातून आलेली आहे, आणि ती खोटी नव्हती. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार नोंदवलेला हवा, एवढेच. त्यावर संस्थेची सही असली, तर मालकाची बाजू आजच्यापेक्षा भक्कमच होते. डिपॉझिटचा फिरता निधी कसा उभारता येईल, ते पुढच्या भागात.